देव गावाला गेले होते

माझ्या बाबांचा आवाज तुम्ही ऐकला नाही, हे तुमचं नशीब की कमनशीब, ते मी अजून ठरवलेलं नाही. फुलसावंगीत त्यांना भोंगा म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. त्यांनी चावडीपुढे कोणाला रामराम घातला की इकडे आई चुलीपुढे म्हणायची, "आले तुमचे बाबा," आणि तव्यावर भाकर टाकायची. ते घरी पोचेपर्यंत ती भाकर शेकून फुगलेली असायची. जेवताना त्यांनी मीठ मागितलं तरी ओसरीवरच्या चिमण्या उडायच्या. भांडत नसत हो, त्यांचं बोलणंच तसं. आमच्या घरात कुजबूज नावाचा प्रकार नव्हता आणि गुपित तर टिकतच नसे, कारण बाबांना एकदा कळलं की पार एसटी स्टँडपर्यंत कळायचं. तसं आमचं गावही काही गप्प बसणारं नव्हतं. पहाटे देवळातला काकडा, संध्याकाळी विहारातली वंदना, मधल्या वेळात बैलांच्या घुंगरमाळा, गिरणीचा पट्टा, लग्नाचे लाउडस्पीकर आणि बारमाही कुत्री. शांतता म्हणजे काय असतं ते मला सोळाव्या वर्षापर्यंत माहीतच नव्हतं. लाइट गेली की गिरणी थांबायची, तेवढीच.

आमचं वावर नाल्यापलीकडे. दुपारी माझी मोठी बहीण मंदाताई डोक्यावर शिदोरी घेऊन निघायची. टोपलीत ज्वारीच्या भाकरी, हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची भाजी, ठेचा आणि फोडायला कांदा. ती नाल्यातून वर चढून बांधावर आली की बाबा राखणीच्या माळ्यावर उभे राहून हाक मारायचे, "मंदेऽऽ!" आणि ताई बांधावरून ओ द्यायची, "ओऽऽ!" आता ती समोर दिसत असायची, त्यांच्याकडेच येत असायची, हाकेची काय गरज? पण हाक आणि ओ झाल्याशिवाय बाबा माळ्यावरून उतरत नसत. मधल्या वावरांत कापूस वेचणाऱ्या बाया "चाला वं, भोंगा झाला" म्हणत आपापल्या शिदोऱ्या सोडायच्या. पुढे ताई नर्सिंग शिकायला नागपूरला गेली आणि शिदोरीचं काम माझ्याकडे आलं. माळ्यावरून "शोभेऽऽ!" अशी हाक बाबांनी मला कधी मारली नाही. मी दिसले की मुकाट्याने खाली उतरायचे. मला राग यायचा. आता सत्तरीकडे झुकले तरी थोडासा येतो.

नागपूरच्या दवाखान्यात ताईच्या वॉर्डात पाय मोडलेला एक फौजी आला. हिमाचलचा, कुलूच्याही वरचा. नाव दौलतराम. पाय जुळेपर्यंत दोघांचंही जुळलं. ताईने घरी येऊन सगळं नीट सांगितलं, रीतसर विचारलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "तू तिकडे गेली, तं मले लेक एकच हाय असं समजीन." ताईही त्यांचीच लेक. ती गेली. कचेरीत लग्न लागलं, पुढे भाऊजींची फौजेतली नोकरी संपली आणि दोघं त्यांच्या डोंगरातल्या गावी राहायला गेले. त्या दिवसापासून बाबांनी घरात तिचं नाव काढलं नाही. बाकी सगळं पूर्वीसारखंच दणक्यात चालू होतं. फक्त त्या दणक्यातून एक नाव वगळलेलं होतं आणि ते वगळलेलं आम्हाला चोवीस तास ऐकू यायचं.

मग ताईला मुलगी झाल्याचं पत्र आलं. पहिलं बाळंतपण, आणि तेही सासरी! आईने पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, डोळे पुसले आणि सरळ बाबांपुढे जाऊन उभी राहिली. आई एरवी कमी बोलणारी. तिच्या वाटणीचं बाबाच बोलून टाकत. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "पह्यलं बाळंतपण मायच्या घरी होते. माह्या लेकीचं झालं का? तुमच्या रागापायी माही लेक परक्याच्या चुलीपाशी शेकून राह्यली. संक्रांत झाली की मी चालली. शोभीले घेऊन जाईन. तुमाले याचं तं या, नाई तं राखा इथं तूर." बाबा दोन दिवस बैलांवर ओरडत राहिले. तिसऱ्या दिवशी सुपारी कातरता कातरता म्हणाले, "सामान उचलाले कोणी पायजे म्हणून येतो. पण सांगून ठेवतो, तिच्या गावात पाय ठेवला की माह्या तोंडातून सबूद निंघणार नाई. ना तिच्यासंगं, ना तिच्या सासरच्यासंगं." आई म्हणाली, "पाहू तुमच्यानं होते का." तिला खात्री होती की तासाभरात हा माणूस फुटेल.

पुसदहून नागपूर, नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून पुन्हा एक बस. सोबत आईची ट्रंक. त्यात डिंकाचे लाडू, टोपरं-झबलं, चांदीच्या वाळ्या, तिळगूळ, आमच्या वावरातला सरकीसकट कापूस वातींसाठी, आणि हळदीकुंकवाचं वाण म्हणून लुटायला स्टीलच्या वाट्या. लेकीच्या सासरी पहिल्यांदा जायचं तर रथसप्तमीच्या आत तिथल्या बायकांना वाण दिलंच पाहिजे, असा तिचा हिशेब. बाबांचं धोतर, बंडी, अंगावर घोंगडी. अख्ख्या बसला त्यांनी आमचं गाव, तालुका, कापसाचा भाव आणि आईचे गुडघे यांची माहिती करून दिली होती.

उजाडताना मला जाग आली ती त्यांच्याच आवाजाने. "अवं ऊठ, शोभे! पाह्य! ढग होय का डोंगर होय थो?" सगळी बस दचकून उठली. मी काच पुसली. आमच्याकडे डोंगर नाहीत असं नाही. पुसदच्या चहूबाजूंनी आहेत, माहूरची चढण मी अनवाणी चढलेली आहे, डोंगर म्हणजे काय ते आपल्याला कळतं असा माझा समज होता. काचेबाहेर आधी काळी झाडी होती, तिच्यावर निळसर कडे, त्याच्यावर ढग, आणि तिथे सगळं संपायला हवं होतं. पण ढगाच्याही वर, जिथे आभाळाशिवाय काही असायचं कारण नाही, तिथे पांढरा डोंगर उभा होता आणि त्याच्या फक्त शेंड्यावर ऊन पडलं होतं. ऊन इतकं वर, आणि खाली आम्ही अजून अंधारात. मला भीती वाटली. खरंच सांगते, आनंद नंतर झाला, आधी मी आईचा पदर धरला. आईने हात जोडले. बाबा "बाप्पा!" एवढंच म्हणाले आणि पुढच्या वळणापर्यंत गप्प राहिले. आमच्या प्रवासातली पहिली शांतता ती.

भाऊजी स्टँडवर घ्यायला आले होते. उंच, गोरेपान, डोक्याला रंगीत पट्टीची गोल टोपी. ते आईच्या पाया पडले, बाबांच्याही पडले. बाबांनी आभाळाकडे पाहिलं. पुढचा रस्ता पायी होता. नदीवर एक लाकडी पूल, पलीकडे चढण आणि चढणीवर गाव. गावाचं नाव मी लिहीत नाही, ताईच्या सासऱ्यांना ते रुचलं नसतं. आम्ही आजतागायत त्याला वरचं गावच म्हणतो. पुलाशी भाऊजी थांबले आणि त्यांनी हिंदीत जे सांगितलं ते ऐकून आईच्या हातातली पिशवी खालीच आली. त्या गावांचे देव संक्रांतीला स्वर्गात जातात. तिथे ते ध्यान लावून बसतात, येणाऱ्या वर्षाचं सगळं ठरवतात आणि महिना-सव्वा महिन्याने परत येतात. तोवर खाली कोणी आवाज करायचा नाही. जमीन खणायची नाही, रेडिओ लावायचा नाही, हाक मारायची नाही. बोलायचं ते कानाशी. देवांचं ध्यान मोडलं तर गावाचं वर्ष बिघडतं. "पुलाच्या पलीकडे पाय ठेवला की नियम सुरू," ते संकोचून म्हणाले आणि बाबांकडे बघत राहिले. ताईने त्यांना बाबांबद्दल काय काय सांगून ठेवलं असेल कोण जाणे.

आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. या माणसाची काही न बोलण्याची शपथ, आणि इथे सगळं गावच मुकं! बाबांनी घोंगडी खांद्यावर सारखी केली, तोंड मिटलं आणि पूल ओलांडला.

त्या गावाविषयी लिहायला बसले की माझा हात आपोआप हलका होतो. घरं दगड आणि देवदारच्या लाकडाची, एक थर दगडाचा, एक लाकडाचा, मध्ये माती नाही की चुना नाही. छपरावर पाटीच्या दगडाचे मोठाले तुकडे आणि त्यांच्यावर बर्फ. सफरचंदाची झाडं उघडी, काळी. गाईंच्या गळ्यातल्या घंटा काढून खुंटीला टांगलेल्या. माणसं समोरून येत, मान लवून हसत आणि निघून जात. मुलं बर्फावर घसरत होती, पडत होती, पोट धरून हसत होती आणि आवाज नाही. पहिल्यांदा वाटलं माझे कानच गेले. मग हळूहळू ऐकू यायला लागलं. फांदीवरून बर्फ घसरल्याचं, दूर कुठेतरी खाली नदीचं, आईच्या बांगड्यांचं, माझ्या स्वतःच्या श्वासाचं. आईने थांबून पदराची चिंधी फाडली आणि दोन्ही हातांच्या बांगड्या बांधून टाकल्या.

ताई दारात उभी होती. तोंडावर हात गच्च धरून. तिच्या डोक्याला त्यांच्याकडचा रुमाल, अंगावर लोकरीचा पट्टू, आणि आमचीच मंदाताई. ती आईच्या गळ्यात पडली आणि दोघी आवाज न करता रडल्या. रडणं इतकं अवघड मी कधी पाहिलं नव्हतं. मग तिने बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. बाबांनी पाय मागे घेतले नाहीत, पण तिच्या डोक्यावर हातही ठेवला नाही. त्यांच्या दोन्ही हातांत ट्रंकेची कडी होती. ताईचे सासरे पुढे आले, म्हातारे, काठीसारखे ताठ, गावच्या देवळाचा कारभार त्यांच्याकडे. त्यांनी हात जोडले. बाबांनी जोडले. सासऱ्यांनी वाट पाहिली, बाबा काही बोलले नाहीत, आणि त्या म्हाताऱ्याचा चेहरा असा काही उजळला की मला कळेचना झालं काय ते. संध्याकाळी चुलीपाशी ताईने आमच्या कानात सांगितलं. सासरे म्हणत होते की खालचे लोक येतात तर सारखी बडबड करतात, त्यांना आवरता आवरता आमच्या नाकी नऊ येतात. पण समधीजी, म्हणजे आपले बाबा, तर पुलावरून जे गप्प झाले ते झालेच. कानातसुद्धा बोलत नाहीत. देवाचा एवढा मान राखणारा पाहुणा या घरी अजून आला नव्हता!

आईने तोंडात पदर कोंबला. मी भिंतीकडे तोंड करून हसले. ताईही हसली, मग लाकूड पुढे सारायच्या निमित्ताने वळली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "शोभे, जाऊस्तोवर एक डाव तरी बोलतीन का वं माह्यासंगं?" मी म्हटलं, बोलतीन. मला काय माहीत होतं?

बाबांचे ते आठेक दिवस मात्र पाहण्यासारखे होते. त्यांना राग होता हे खरं, पण त्यांना कुतूहल त्याहून जास्त होतं. हा माणूस वाटेने जाताना परक्याच्या विहिरीत वाकून "पाणी किती हात?" विचारणारा. इथे मातीशिवाय भिंत कशी उभी राहते, झाडाच्या फांद्या अशा काहून छाटल्या, गाई एवढ्याशा काहून, सगळं विचारायचं होतं आणि तोंड तर बंद. भिंतीतल्या लाकडाच्या सांध्यांवरून बोट फिरवत ते तासन्‌तास उभे राहायचे. ओठ हलायचे, मिशी थरथरायची, पुन्हा मिटून जायचं. जेवायला वाफवलेले सिड्डू, गव्हाच्या मोठ्या करंजीसारखे, आत अक्रोडाचं सारण आणि वर तूप. बाबांनी पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे मोठे झाले. घरी असते तर "वाऽऽ!" अशी आरोळी पार नाल्यापर्यंत गेली असती. इथे त्यांनी ताट पुढे केलं. ताईने वाढलं. तेवढाच त्यांचा व्यवहार.

एका सकाळी भाऊजी आम्हाला देऊळ दाखवायला घेऊन गेले. काळपट देवदारचं, एकावर एक उतरती छपरं, खांबांवर कोरलेली पानं, पक्षी, नाग. दार बंद. घंटा कापडात गुंडाळून दोरीने बांधलेली. भाऊजी कानाशी सांगत होते की आतल्या जमिनीवर मातीचा लेप दिलेला असतो, देव परत आल्यावर तो उघडतात आणि त्याखाली जे सापडेल त्यावरून वर्षाचं भाकीत करतात. फूल निघालं तर चांगलं, कोळसा निघाला तर आगीचं भय. आमच्याकडे अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घट मांडून पावसापाण्याचं पाहतात, तसंच. बाबा मागे उभे होते ते हे ऐकून पुढे सरकले. शेतकऱ्याला दुसऱ्या शेतकऱ्याची काळजी बरोबर कळते. त्यांनी पागोटं काढलं, बर्फावर गुडघे टेकले आणि त्या बंद दारापुढे डोकं ठेवलं. माहूरला ते देवीशीसुद्धा मोठ्याने बोलायचे, "माय, पाणी पाठव वं औंदा," अख्खी रांग ऐकायची. इथे काही न बोलता बराच वेळ तसेच राहिले. वर तो पांढरा डोंगर, खाली ते रिकामं देऊळ, आणि देव घरी नसताना त्यांच्यासाठी श्वास धरून बसलेलं एवढं मोठं गाव. मला रडू आलं. कशाचं ते मला आजही सांगता येत नाही, आणि येत नाही याचं मला वाईटही वाटत नाही.

त्या घरात आवाजाची मुभा एकट्या बाळाला होती. लेकराला देव माफ करतात, म्हणे. दोन महिन्यांची चिमुरडी, लोकरीत गुंडाळलेली, नाकाचा शेंडा लाल. पहिल्याच दिवशी तिने भोकाड पसरलं आणि आम्ही सगळे जागच्या जागी उडालो. काय तो आवाज! खालच्या घरातून एक बाई डोकावली, वरच्या घराची खिडकी उघडली. ताईची सासू ओशाळून आईच्या कानाशी लागली, आमच्या घराण्यात असा गळा कोणाचाच नाही हो, कोणावर गेली कोण जाणे. आईने सावकाश मान वळवली आणि बाबांकडे पाहिलं. बाबा चुलीतल्या जाळाकडे पाहत होते, पण त्यांची मिशी एका बाजूने वर चढली होती. त्यानंतर ते बाळ रडलं की बाबा जिथे असतील तिथून उठून आत येऊन बसायचे. जवळ घ्यायचे नाहीत. नुसते ऐकायचे.

दोन्ही म्हाताऱ्यांचं कसं जमलं ते सांगायचं राहिलंच. सासरे दुपारी उन्हाला बसून टकळीवर लोकर कातायचे. बाबा शेजारी जाऊन बसले. थोड्या वेळाने त्यांनी लोकरीचा पुंजका उचलला, दोन अंगठ्यांत धरून ओढला आणि धागा किती लांब निघतो ते पाहिलं, कापूस पारखताना पाहतात तसं. मग उठून आईच्या ट्रंकेतला कापूस आणला आणि म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवला. सासऱ्यांनी तो तसाच ओढून पाहिला, आतली सरकी बोटांनी चाचपली, वास घेतला आणि मान डोलावली. दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा तेच करत बसले. मी कितीतरी व्याही पाहिलेत, मानपानावरून हमरीतुमरीवर येणारे. हे दोघं एक अक्षर न बोलता एकमेकांना पसंत पडले.

निघायच्या आदल्या दिवशी आईने हळदीकुंकू केलं. शेजारपाजारच्या बायका आल्या, रुमाल बांधलेल्या, गालांवर थंडीने चिरा पडलेल्या. आईने कानाशी जाऊन एकेकीला "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हटलं. ताईने त्याचं हिंदी केलं, आणि बायकांना हसू आवरेना, की इथे मुळी बोलायचंच नाही तर गोड काय आणि कडू काय! वाट्या आईने एकेक फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. तरी शेवटची निसटलीच. लाकडी जमिनीवर टण्ण करून आपटली आणि गोल फिरत, फिरत, फिरत घरंगळत गेली. सगळ्या जणी डोळे मिटून बसल्या. आई तर पांढरीफटक पडली. वाटी थांबली तेव्हा ताईच्या सासूने एक डोळा उघडून वर आढ्याकडे पाहिलं, काही कोसळत नाहीये अशी खात्री केली, आणि तिचे खांदे गदगदा हलायला लागले. मग सगळ्याच हसल्या, अंगं हलवून, डोळ्यांतून पाणी काढून, बिनआवाजाच्या. असं हसणं मी पुन्हा कुठे पाहिलं नाही.

मी ताईच्या मागे लागले, उखाणा घे. ती नको नको म्हणाली. दार उघडं होतं, बाहेर ओट्यावर बाबा बसलेले होते, त्यांची घोंगडीतली पाठ दिसत होती. ताईने त्या पाठीकडे पाहिलं आणि कुजबुजत्या आवाजात म्हणाली,

"कापसाच्या गावची लेक बर्फाच्या गावात आली,
दौलतरामांचं नाव घेते, बाबा, तुमची मंदा सुखी झाली."

कुजबूजच ती. पण त्या गावात कुजबूजही लांब जायची. घोंगडीतली पाठ हलली नाही. मी उठून बाहेर गेले. बाबांनी घोंगडीचं टोक तोंडात धरलं होतं आणि दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं. मला पाहून त्यांनी मान फिरवली. मला वाटलं, आता उठतील, आत जातील. ते उठले नाहीत. मला इतका राग आला त्यांचा! वाटलं, शपथ मोठी की लेक? आता कळतं, तेव्हा शपथेचं काही उरलंच नव्हतं. त्यांना लेकीशी बोलायचं होतं, पण या माणसाला हळू बोलता येत नव्हतं. जन्मात शिकलाच नव्हता. भरल्या गळ्याने तोंड उघडलं असतं तर डोंगरावरचा बर्फ खाली आला असता, आणि ज्या देवापुढे डोकं टेकलं त्याचं ध्यान मोडलं असतं.

सकाळी निघालो. ताईने पुन्हा पायांवर डोकं ठेवलं. या वेळी बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. तोंड मात्र बंद. ताईने वर पाहिलं, वाट पाहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "संभाळून जा." आईला कढ आवरेना. बाबांनी मात्र एक विचित्र गोष्ट केली. सासऱ्यांना हाताने खुणावून जवळ बोलावलं, देवळाकडे बोट दाखवलं, ओठांवर बोट ठेवलं, आणि मग हात लांब पसरून भुवया उंचावल्या, कुठवर? म्हाताऱ्याला लगेच समजलं. त्याने काठीने खालचा पूल दाखवला. बाबांनी मान हलवली आणि ट्रंक उचलून इतक्या झपाट्याने उतरायला लागले की भाऊजी मागे पडले. धोतर बर्फाने ओलं, वहाणा घसरून राह्यल्या, कशाची शुद्ध नाही.

ताई बाळाला घेऊन गावाच्या कडेला, शेवटच्या देवदारपाशी येऊन थांबली. खाली नदी काठाकाठाने गोठलेली होती, मधून बारीक धार तेवढी वाहत होती. आम्ही पूल ओलांडला. बाबा आणखी पाच-पन्नास पावलं पुढे चालले, पक्की खात्री व्हावी म्हणून, मग ट्रंक खाली ठेवली, कानाचं फडकं सोडलं, वळले आणि दोन्ही हात तोंडापाशी धरले.

"मंदेऽऽऽ!"

आठ दिवसांचा साठलेला आवाज होता तो. झाडावरचे कावळे उडाले. समोरच्या कड्यावर जाऊन हाक परत आली, मागच्या डोंगरावरून पुन्हा आली. वर देवदारपाशी ताई ताठ झाली.

"आंबे पिकले की घरी येजोऽऽ! लेकराले घेऊन येजोऽऽ! जवायालेबी आणजोऽऽ! मी स्टँडवर येतो वं मायऽऽ!"

येजो, येजो, करत डोंगर बोलत राहिले. मी ताईकडे पाहत होते. ती नियमाच्या आत उभी होती, तिला ओ देता येत नव्हती. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग तिने लोकरीचं ते गाठोडं दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरलं, शिदोरीची टोपली धरायची तसं. आणि आजोबांच्या आवाजाने दचकलेल्या त्या पोरीने गळा काढला. सगळी दरी ओलांडून, नदीवरून, पुलावरून तो आवाज स्वच्छ आमच्यापर्यंत आला.

बाबांनी हात खाली घेतले. आईचे हुंदके ऐकू येत होते, भाऊजी टोपी हातात घेऊन उभे होते.

"दिली वं," बाबा म्हणाले, "पोट्टीनं ओ दिली." आणि त्यांनी ट्रंक उचलली.